आज बारी कोनाची?

पंचफुलाबाईंचा हात तोंडाकडे गेलेला मी कधी पाहिला नाही. घाम आला की त्या मान तिरकी करून कपाळ खांद्याला पुसायच्या. गालावर माशी बसली तर ओठ वाकडे करून फुंकर मारायच्या. हसू आलं तर इतर बायकांसारखा तोंडाला पदर लावायच्या नाहीत, मोकळ्या हसायच्या. दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब, जणू नुकतीच मेंदी काढली आहे. पहिल्या भेटीत मला हा ताठा वाटला. नंतर कळलं की बाई तीस वर्षं कळमन्याच्या बाजारात लाल मिरचीचे देठ तोडत होत्या. बोटांत मुरलेली मिरची तेलानं निघत नव्हती, राखेनं निघत नव्हती. नातवाचं नाक पुसायचं असलं तरी त्या सुनेला हाक मारायच्या.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच एका छोट्या संस्थेत लागले होते आणि जरीपटक्याच्या पलीकडची एक वस्ती माझ्याकडे आली होती. काम होतं स्त्रियांमधून नेतृत्व तयार करण्याचं. मी तयारीनिशी गेले. वेळापत्रक, हजेरीपट आणि एक मोठा तक्ता : नेतृत्वाचे दहा गुण. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीला तो लावला आणि एकेक गुण समजावून सांगितला. निर्भयता, वक्तृत्व, दूरदृष्टी, वगैरे. सतरा बायका शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर मागून आवाज आला.

“मॅडम, दहाच्या दहा गुन असलेली बाई आमच्या गल्लीत काहून राहीन वं? थे सिव्हिल लाइनमधी नाही राहनार?”

सगळ्या जणी खदखदून हसल्या. मी घरी जाऊन डायरीत लिहिलं, ‘पंचफुलाबाई : अडथळा आणतात. लक्ष ठेवणे.’ ती डायरी अजून माझ्याकडे आहे.

गल्लीचा प्रश्न पाण्याचा होता. सार्वजनिक नळ मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. सकाळी ट्रक चुकवत, डोक्यावर पाण्याचा गुंड आणि हातात बकेट घेऊन बायका रस्ता ओलांडायच्या. ताराबाईंना तिथंच एका स्कूटरवाल्यानं उडवलं होतं आणि तेव्हापासून त्या डावा पाय ओढत चालायच्या. सगळ्यांची मागणी साधी होती. गल्लीच्या मध्यावर, पिठाच्या चक्कीसमोर मोकळी जागा होती, तिथं नळ हवा. अर्ज, पाठपुरावा, तारखा, ही माझी आवडती कामं. मी पहिल्याच बैठकीत म्हटलं, पाणीखात्याच्या ऑफिसात जायला एक प्रतिनिधी निवडू.

“एक नाही,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “बारी लावू. आज एक, पुढच्या वेळी दुसरी.”

गल्लीतल्या बहुतेक जणी पंचफुलाबाईंबरोबरच मिरची तोडायला बसायच्या आणि ही पद्धत त्या ढिगाभोवती तयार झालेली होती. तिथं आधी सखूबाई नावाची एक धीट बाई सगळ्यांच्या वतीनं व्यापाऱ्याशी बोलायची. एक दिवस त्यानं तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. पुढचा महिनाभर बाकीच्यांनी ठसक्याशिवाय तोंडातून आवाज काढला नाही. मग पंचफुलाबाईंनी बारी लावली. दर आठवड्याला बोलायला वेगळी बाई. “एक तोंड असलं का थे बंद करता येते,” त्या म्हणायच्या. “सतरा तोंडं कोन बंद करन? शेठले समजलंच नाही पाहिजे का पुढारीन कोन हाय.”

त्यामुळे आमची प्रत्येक बैठक त्यांच्या एकाच प्रश्नानं सुरू व्हायची, “आज बारी कोनाची?” आणि सबब चालायची नाही. “मले नाही बोलता येत,” असं कोणी म्हटलं की उत्तर तयार असे. “नवऱ्यासंगं भांडता येते ना? मंग तेच कर. जरा हळू.”

मला ही पद्धत अजिबात पटली नव्हती. माझ्या हिशेबानं त्यात नुसता वेळ जात होता. एक बाई साहेबांना अर्धा तास जावयाचं गाऱ्हाणं सांगून आली. दुसरीनं नळाऐवजी गटाराचा विषय काढला. ताराबाई तर नुसत्याच उभ्या राहून परतल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी वैतागले. पंचफुलाबाईंनी त्यांना जवळ बसवलं.

“साहेबाचा पंखा पाह्यला?”

“पाह्यला.”

“खुर्च्या किती हायेत?”

“चार.”

“झालं मंग. पुढच्या बारीले भेव नाही वाटनार.”

ऑफिसातले साहेब भले होते, पण तेही कंटाळले. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, दर वेळी नवी बाई. मी दर वेळी पहिल्यापासून सांगू का? एक प्रमुख ठरवा, काम लवकर होऊन जाईल.” मला ते शंभर टक्के पटलं. त्यांनी नवा फॉर्म दिला. त्यात रकाना होता, समितीप्रमुखाचे नाव व पत्ता. तिथंच उभ्याउभ्या मी पंचफुलाबाईंचं नाव लिहिलं, घर क्रमांकासकट, सुवाच्य अक्षरात. विचारायला वेळ नव्हता असं नाही. विचारावंसं वाटलं नाही. मी त्यांचा मानच करते आहे, असा माझा समज होता.

काम खरंच लवकर झालं. एका दुपारी, बायका कामावर असताना, खोदणारी माणसं आली. त्यांच्या हातातल्या कागदावर एकच पत्ता होता. त्यांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाजवळ, पंचफुलाबाईंच्या दारात नळ बसवला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढे घेऊन गेले. गल्लीत गर्दी होती आणि पेढ्यांकडे कोणी बघितलंही नाही.

“साऱ्या गल्लीले ऑफिसात फिरवलं, अन् नळ आपल्या दारात!”

“पुढारीन झाली बाप्पा आता!”

ताराबाईंचा आवाज सगळ्यात वर होता. “मी रस्त्याकडच्या टोकाले राहतो. हा पाय घेऊन तिच्या दारापरेंत येऊ, का रस्ता ओलांडू? मले सारखंच हाय. मले काय मिळालं वं?”

पंचफुलाबाई ओट्यावर उभ्या होत्या, हात तसेच अंगापासून लांब. मला पाहून त्यांनी विचारलं, “पोरी, कागदावर मायं नाव कोन लिवलं?”

“मी, मावशी.”

“मले इचारलं होतं?”

“नाही.”

“मंग हे मले नको सांगू. या बायांले सांग.”

मी वळले आणि सांगितलं. फॉर्म मी भरला, त्यांना माहीत नव्हतं, पत्ता मी लिहिला. बोलताना मला वाटत होतं, आता मावशी मधे पडतील, ‘जाऊ द्या, लहान आहे,’ असं काहीतरी म्हणतील. त्या पडल्या नाहीत. मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग ताराबाई म्हणाल्या, “एवढी शिकलेली तू, अन् भैताडावानी काहून केलं वं?” काही जणींना माझं खरं वाटलं, काहींना वाटलं नाही. ‘मॅडमले शिकवून उभं केलं असन,’ असंही मी जाताना ऐकलं.

नळ हलवायला पुन्हा अर्ज करावा लागणार होता. दोनचार बायका म्हणाल्या, पंचफुलानंच जावं आणि निस्तरावं.

“मी नाही जात. आता मी बोलली का मायंच काम होते. बारी ताराची हाय.”

“मले नाही येत बोलता!” ताराबाई कडाडल्या.

“सकाळपासून मायाच दारात बोलून राहिली ना? तेवढंच साहेबासमोर बोल.”

ताराबाई गेल्या. मी मागच्या बाकावर होते आणि मला तोंड उघडायची बंदी होती. त्यांनी साहेबांच्या टेबलासमोर आपला पाय पुढे केला, घरापासून नळापर्यंतचं अंतर पावलांत सांगितलं आणि रस्त्यावरचे ट्रक सांगितले. दुसरा विषय काढला नाही. साहेबांनी पहिल्यांदाच पेन उचलून काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर ताराबाई पायरीवरच बसल्या. “पानी पाज वं मले,” म्हणाल्या.

नळ हलायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत शेजारच्या दोन घरांनी त्या नळावर पाणी भरलं, पंचफुलाबाईंनी एक गुंडही भरला नाही. रोज सकाळी बाजाराला जाण्याआधी त्या सगळ्यांसोबत रस्ता ओलांडत. सून भांडायची. “दारात नळ अन् मी ट्रकासमोर जाऊ?” त्या म्हणायच्या, “तू नको जाऊ. मी जातो.” मग सून आणखी चिडायची आणि बकेट उचलून त्यांच्या मागे निघायची.

एका सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. रस्त्याच्या कडेला थांबलो होतो. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “मले लय वाईट वाटलं वं. इतकी वर्षं एका ढिगाले बसलो आमी, अन् एका दिवसात म्हनल्या, हिनं खाल्लं.” मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच पुढे सांगितलं, “पन इचारलं त्याहीनं, हे बरं झालं. पयले इचारत नव्हत्या. मीच शिकवलं, आता मलेच इचारतीन ना.” ट्रक गेला. “चाल,” म्हणाल्या, आणि आम्ही रस्ता ओलांडला.

चक्कीसमोर नळ बसला त्या दिवशी पहिली बकेट ताराबाईंनी भरली. ती उचलून पाय ओढत त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, निम्मं पाणी वाटेतच सांडलं. पंचफुलाबाईंच्या ओट्यावर ती ठेवून म्हणाल्या, “घे.” एवढंच. पंचफुलाबाईंनी बकेट आत नेली आणि रिकामी करून परत दिली. माफीबिफी कोणी मागितली नाही.

नंतर त्या बायकांनी बरंच काही केलं. अंगणवाडीची खोली, गटारावर फरश्या, पोरींसाठी अभ्यासिका. माझ्या हळूहळू लक्षात आलं की गल्लीत माझं काम कमी होत चाललं आहे. मी तिथं जायचे ते चहाला. बसलं की पंचफुलाबाई बैठकीत काय झालं ते सांगायच्या, आणि कोण किती चुकीचं बोललं हेही, पण मोठ्या कौतुकानं. खोकल्यानं त्यांचा बाजार सुटला होता. ओट्यावर बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्या बाईला हटकायच्या, “उद्या तुयी बारी हाय ना वं? काय बोलशीन? मले सांगून पाह्य एकडाव.”

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. विहारात शोकसभा झाली. सूत्रसंचालन, वक्त्यांचा क्रम, सगळं माझ्याकडे होतं. आमच्या भागातले एक पुढारी आले होते. त्यांनी छान भाषण केलं आणि शेवटी जाहीर केलं की चक्कीसमोरच्या चौकाला पंचफुलाबाईंचं नाव देऊ, फलकाचा खर्च ते स्वतः करतील. खरं सांगायचं तर मला हे आधीच माहीत होतं आणि फलकाचा मजकूर मी लिहून नेला होता. मी टाळ्यांची वाट पाहत होते. टाळ्या आल्या नाहीत.

ताराबाई उठल्या. आता त्यांना उठायला काठी लागते. “भाऊ, तिचं एकटीचं नाव लावलं तर पोरीबारींले वाटन, एकटीनंच केलं सारं. मंग आमी काय करून राहिलो होतो? लावाचं तर सतराचे लावा.”

“ताराबाई, एवढी नावं फलकावर मावतील का?”

“मंग फलक मोठा करा ना भाऊ.”

आता टाळ्या आल्या. पुढारी हसले, हो म्हणाले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, यादी घ्या लिहून.” मी मजकुराचा कागद उलटा केला. बायका एकेक नाव सांगू लागल्या, रस्त्याकडच्या टोकापासून, घरांच्या ओळीनं. ताराबाईंचं पहिलं आलं. ज्या गेल्या त्यांची नावं त्यांच्या लेकीसुनांनी सांगितली. एका नावावरून वाद झाला, तो मिटला. सोळावं नाव पंचफुलाबाईंचं आलं, त्यांच्या सुनेच्या तोंडून. कागदाच्या वरच्या बाजूला पुष्कळ कोरी जागा होती. माझं पेन तिथपर्यंत जाऊन थांबलं. ताराबाई माझ्याकडेच बघत होत्या.

मी ते नाव सोळाव्या ओळीत लिहिलं आणि विचारलं, “पुढचं?”