न मोजलेली मागची खोली

त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. टेपवाले म्हणायचं, की लहान पोरसुद्धा घर दाखवतं. घरांची किंमत ठरवून द्यायचा धंदा, आणि खिशात कायम मोजायची टेप. मग दुसरं काय नाव पडणार हो? एकतीस वर्षं झाली. लग्नाला जा नाहीतर मयताला, कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारणारच, "काय हो, आमचं घर कितीला जाईल?"

टेपवाले वैतागत नाहीत. रंग देऊन विकू का? द्या, पण ओल झाकायला म्हणून नको, ती चार दिवसांत परत डोकं वर काढते. आत्ता विकू की थांबू? गरज असेल तर आत्ता, हाव असेल तर बसा थांबून. शेजाऱ्याचं एवढ्याला गेलं, मग माझं का नाही? वहिनी, शेजाऱ्याच्या घरात दुपारी दिवा लावावा लागत नाही. आणि एक गोष्ट ते प्रत्येकाला बजावून सांगायचे. गिऱ्हाईक घासाघीस न करता हो म्हणालं, तर आनंदानं उड्या मारू नका, आधी आपला आकडा तपासा.

लोकांना शहाणपण सांगणारा हा माणूस स्वतः मात्र तिथंच आपटला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिवणकाम करणाऱ्या एक ताई त्यांच्याकडे आल्या. नवरा सुतार, कंबरेपासून खाली लुळा पडलेला. घर होतं रस्त्यापासून अकरा पायऱ्या वर. ताईंच्या मनात एकच होतं: हे घर विकायचं, कुठंतरी तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, आणि नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत बसवून रोज संध्याकाळी बाहेर न्यायचं. दोन वर्षं नवऱ्यानं झाडाचं पान जवळून बघितलं नव्हतं.

टेपवाले गेले, पुढच्या दोन खोल्या मोजल्या, स्वयंपाकघर मोजलं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ताई हळूच म्हणाल्या, "आत्ता कुठं डोळा लागलाय हो त्यांचा. रात्रभर तळमळत होते."

"राहू द्या, राहू द्या," टेपवाले म्हणाले. आजारी माणसाची झोपमोड करायची नाही, त्या खोलीचं माप जुन्या नकाशावरून घ्यायचं, ही त्यांची रीतच होती. लोक त्याचं कौतुक करायचे. आता खरं सांगायचं तर मागच्या अंगणातून बाहेरची भिंत मोजता आली असती. पण ऊन मी म्हणत होतं आणि पुढचं घर मोजायचं होतं, तिथल्या माणसाचे दोन फोन येऊन गेले होते. नकाशात खोली बारा फूट लांब होती. बारा लिहिलं, वही मिटली.

निघताना ताईंनी विचारलं, "भाऊ, मागची खोली धरलीत ना?"

"धरली हो ताई, सगळं धरलंय."

घर पंधरा दिवसांत गेलं. घेणाऱ्यानं एका शब्दानं घासाघीस केली नाही. टेपवाले घरी येऊन बायकोला म्हणाले, "बघ, आकडा असा काढावा, की कुणाला तोंड उघडायला जागा राहू नये."

मागच्या आठवड्यात त्याच घेणाऱ्यानं त्यांना परत बोलावलं. आता त्याला ते घर विकायचं होतं. "तुम्हीच या," तो फोनवर हसत म्हणाला, "तुमचा हात आम्हाला फार लाभतो." टेपवाल्यांनी यावेळी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि टेप लावली. बारा फुटांवर भिंत यायला हवी होती. टेप आपली पुढे पुढेच चालली. बावीस!

"हे कधी वाढवलंत?" त्यांनी विचारलं.

"मी कुठं? त्या सुतारानंच हातपाय धड असताना वाढवली होती. परवानगीचा कागदसुद्धा आहे. तुम्ही अहवालात वाढवलेला भाग धरला नव्हता, म्हटलं आपण कशाला बोला!"

 काम तसंच टाकून टेपवाले घरी आले. दोन दिवस अन्न गोड लागेना. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं. ती म्हणाली, "अहो, झालं ते झालं. आता सांगून त्या बाईच्या जिवाला घोर कशाला लावता?" ऐकायला किती बरं वाटलं! क्षणभर त्यांना पटलंही. मग स्वतःचीच लाज वाटली, कारण घोर कुणाचा वाचणार होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पत्ता शोधत ते पोचले तर काय, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तळमजल्याला पैसे पुरले नसणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. ताई मशीनवर बसल्या होत्या. त्यांना बघून लगबगीनं उठल्या, पाणी दिलं. नवरा वर्षापूर्वी गेला होता.

"बाहेर न्यायचं राहूनच गेलं हो," त्या म्हणाल्या. "इथून खाली उतरले ते एकदाच, चौघांच्या खांद्यावर. पण भाऊ, तुम्ही तेव्हा फार धावून आलात. मी सगळ्यांना तुमचंच नाव सांगते."

हे मात्र टेपवाल्यांना सोसवेना. पेला खाली ठेवून त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. नकाशा, बारा, बावीस, ऊन, घाई, काही लपवलं नाही. "तुम्ही विचारलंत आणि मी न बघता हो म्हणालो. माझं चुकलं ताई. जे कमी पडलं ते मी भरून देतो, थोडं थोडं करून देतो, पण देतो."

ताई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. हातातल्या कापडाची उगाचच घडी करत राहिल्या.

"आमचे हे म्हणत होते," त्या बोलल्या. "तुमचा कागद वाचला त्या दिवसापासून म्हणत होते, यात माझी खोली पुरी येत नाही. स्वतःच्या हातानं बांधलेली ना, त्यांना इंचन्इंच पाठ. शेवटी शेवटी तर रोज तेच. आणि मी काय म्हणायची ठाऊक आहे? म्हणायची, तुमचं डोकं चालेनासं झालंय. टेपवाल्यांनी मोजलंय, त्यांना जास्त कळतं का तुम्हाला? एकदा तर इतकी ओरडले, की त्यानंतर ते बोलायचेच बंद झाले."

ताईंनी घडी केलेलं कापड मशीनवर ठेवलं.

"तुम्ही माझ्यापाशी येऊन माफी मागितलीत," ताई म्हणाल्या. "मी कुठं जाऊ?"