शिट्टीसकट इतिहास

आमच्या वरच्या मजल्यावरची बाई वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात नोकरी करते आणि तिला कशालाच वेळ नसतो. सोसायटीच्या सभेला नसतो, हळदीकुंकवाला नसतो. पण अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं मोबाइलवर वाचून पाठवायचं काम तिने घेतलंय आणि ते ती रोज सकाळी करतेच, स्वयंपाक करता करता. त्यामुळे खिडकीतून मलाही सगळा इतिहास ऐकू येतो. "मोगलांनी गडाला वेढा घातला. अहो, दूध बघा. वेढा लांबत गेला." मध्येच कुकरची शिट्टी.

"अगं, निदान शिट्टी तरी काढून टाक त्यातून," मी एकदा म्हटलं.

"काढायला वेळ कुठाय?"

गेल्या आठवड्यात तिचा घसा पार बसला. सकाळीच पुस्तक घेऊन माझ्या दारात उभी. "शेवटचा धडा राहिलाय," ती कशीबशी म्हणाली, "आणि मुलांचा उद्या पेपर आहे."

"मला वेळ नाही गं."

"मलाही नाही," म्हणत तिने पुस्तक माझ्या हातात कोंबलं आणि बस पकडायला पळाली.

मी दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, गॅस बंद केला आणि एकही चूक न करता धडा वाचून पाठवला.

संध्याकाळी तिने मला एका विद्यार्थिनीचा निरोप मोबाइलवर ऐकवला. "नव्या काकूंचं वाचन छान आहे, सगळं समजलं. पण त्यांच्या घरी स्वयंपाक करत नाहीत का?"