पितळ ऐकणारे भावोजी

"बेडा, नको अण्णा! आई नको म्हणतेय!" असं ओरडून भावोजींनी माझ्या नवऱ्याला बाजूला ढकललं, तेवढ्यात यंत्राचा हातोडा पडला आणि लाल तापलेलं पितळ ढेकळासारखं फुटून उडालं.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. जिवंत माणसांपेक्षा पितळाशी जास्त बोलणारा असा माणूस अख्ख्या म्हैसुरात दुसरा नव्हता. लष्कर मोहल्ल्यात आमचं पितळी नळ ठोकून घडवायचं वर्कशॉप. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. आजेसासरे कापडाचा रंग बघायचे, भावोजी तापल्या पितळाचा. उजेडात रंग फसवतो म्हणून भर दुपारी खिडक्यांना गोणपाट. आत गेलं की आधी भट्टीचा लाल डोळा दिसे, मग भावोजींचे दोन. प्रत्येक कांब नखाने वाजवून कानाशी धरत आणि "हूं, हूं" करत, जणू पलीकडून कोणी सांगतंय. अंगावर काटा यायचा. एकदा विचारलं, "कोण बोलतं हो आत?" तर म्हणाले, "ज्यांची भांडी मोडीत आली ते सगळे, वहिनी."

त्यांचं लग्न राहिलं तेही त्यामुळेच. कुवेंपुनगरात मुलगी बघायला गेलो, तर भावोजी न्हाणीघरातला नळ ऐकत बसले. बाहेर येऊन म्हणाले, "नळ ओतीव आहे, ठोकलेला नाही. आत भोकं असणार. साकू, पुरे झालं, उठूया." मुलगी केसरीभाताच्या बशा घेऊन उभीच.

त्या वर्षी सासूबाई वारल्या. आयुधपूजेला नवऱ्याने त्यांची घागर मुशीत टाकायची काढली. म्हणे, दसऱ्याचा पहिला नळ आईच्या आशीर्वादाचा.

"अण्णा, घागरीचं पितळ गार ठोकायचं," भावोजी म्हणाले. "नळाच्या पितळात जस्त जास्त, थोडं शिसं. तापलं की कणकेसारखं दबतं. दोन्ही मिसळलंस तर घाव बसताच फुटेल."

"मग काय आईला मोडीत विकू?"

घागर वितळली.

दसऱ्याला मी कुंकवाचं ताट घेऊन दारात उभी होते. भावोजींनी नवी कांब वाजवली, कानाशी धरली आणि पांढरे पडले. "हूं" म्हणाले नाहीत. नवरा हसला, "काय म्हणते आई?" आणि कांब भट्टीत तापवून हातोड्याखाली सारली.

फुटलेला तुकडा भावोजींच्या गळ्यात घुसला. ते जमिनीला कान लावून पडले, ऐकत असल्यासारखे.

आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी ठोकलेला नळ आहे. पहाटे पाणी आलं की तो "हूं, हूं" करतो. नवरा दचकून उठून बसतो. मी म्हणते, वायसर झिजलाय, झोपा. बदलत मात्र नाही.

त्या दसऱ्याला माझा नवरा वाचला. भावोजी नाही.