मेंढरं बसवलेलं खाचर

माझी आत्या विधवा होऊन वेल्ह्याकडच्या आमच्या घरी परत आली. वरव्याच्या सासरी दीर तिला गुरासारखं मारायचा. वडिलांनी तिला ओढ्याकडचं एक भातखाचर दिलं आणि सांगितलं, "वर्साचं पोटापुरतं पिकवलंस तर मागच्या पडवीत तुजी चूल मांड. न्हाईतर सासरी जा." सख्खा भाऊ हे बोलला. मला आजही राग येतो.

आत्यानं कंबर कसली. पावसाआधी वरच्या वाडीतल्या धनगरांची मेंढरं तिनं खाचरात बसवली आणि लेंडीखताच्या बदल्यात त्यांची दळणं दळून दिली. हाताला फोड आले. लावणीनंतर तिचं भात असं तरारलं की आजूबाजूची पिवळट खाचरं लाजावीत. येणारेजाणारे बांधावर थांबून बघायचे. काहींच्या ते डोळ्यांत खुपत होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग श्रावणात बारीक पिवळसर पाकोळ्या आल्या. बघता बघता पानं लांबीत दुमडली, कडा तंतूंनी शिवल्यासारख्या. पान उलगडलं की आत हिरवट अळी, हिरवा गर खरवडून खात बसलेली. आत्या आणि मी बोराटीची काटेरी फांदी दोन्हीकडून धरून भातावरून ओढायचो, म्हणजे पानं उघडून अळ्या पाण्यात पडाव्यात. पडायच्याही, पण पाकोळ्या थांबेनात. सगळं खाचर करपल्यासारखं झालं. शेजारच्या खाचरांना मात्र फारसं काही झालं नाही.

गावाला तेवढंच पुरलं. "पायगुणच तसला तिचा," बायका ओढ्यावर म्हणाल्या, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. डोंबलाचा पायगुण. पुढं मी स्वतः भात केलं तेव्हा दिसलं, खत जास्त झालं, पान कवळं आणि गर्द झालं की ही पाकोळी पहिली तिथंच बसते. आत्याच्या कष्टांनीच तिचा घात केला होता. तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पोटापुरतं पिकणार नाही हे दिसतच होतं, तरी शेवटी वडील विरघळले. "ऱ्हा हितंच. पुढच्या वर्सी बघू," म्हणाले.

आत्यानं मान हलवली. "न्हाई दादा. माज्या पायानं आळी आली. तुमचं तरी ऱ्हाऊ द्या." लोकांचं बोलणं तिला खरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्या दिराकडे निघाली. बांधावरनं सरळ वाट होती. ती वरच्या माळानं, काट्याकुट्यांतून, लांबचा वळसा घेऊन गेली. कुणाच्या भाताला आपला पाय लागू नये म्हणून.