बिननावाची चिठ्ठी

मार्करचं झाकण उघडलं, की त्या वासासरशी सोलापुरातल्या आमच्या शाळेचा वरचा हॉल आठवतो. मी नववीत होते. मुलांचं ऐकून कसं घ्यावं, याचं तिथे शिक्षकांना प्रशिक्षण चाललं होतं आणि शेवटच्या दिवशी आम्हा पाच मुलींनाही बोलावलं होतं. डोक्यावर पत्रे तापलेले, शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट आत येत होती. आमच्या वर्गबाईंनी कागद आणि मार्कर वाटले. "शाळेत काय खुपतं ते लिहा, नाव घालू नका. कुणी लिहिलं ते कुणीबी विचारणार न्हाई." माझ्या मैत्रिणीच्या घरी तेलुगू बोलायचे, म्हणून तिला कधी भाषणाला उभं करत नसत. ती लिहायला घाबरली, तेव्हा तिच्या वतीनं मीच ते लिहिलं. बाईंनी चिठ्ठी उघडली आणि साऱ्या शिक्षकांदेखत माझ्याकडे बोट करत हसून म्हणाल्या, "हे तर आमच्या फळ्यावरचं अक्षर. रोजचा सुविचार हीच लिहिते की." मग आमच्यातल्या त्या एकट्या तेलुगू मुलीला उभं केलं. "काय गं, तुला आम्ही बोलू देत न्हाई व्हय?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तसं काय न्हाई, बाई. समदे लई चांगले हायत." शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांच्या कामगार संघटनेची पत्रकं वाचत मी वाढले होते. त्यांत शत्रू कायम समोर मूठ आवळून उभा असायचा, गोड बोलून कागद वाटणाऱ्या माणसाबद्दल त्यांत एक ओळ नव्हती. मैत्रिणीचा राग मला तेव्हाही आला नाही. बाईंचा मात्र, आज अशाच प्रशिक्षणात शिक्षकांसमोर बोलायला उभी राहते तेव्हाही, जात नाही.