अक्काच्या डोक्यावरचे चार ठिपके

१२ मार्च २००३, बुधवार. शाळेत रजा टाकून मी गच्चीवर कुरडयांचा चीक शिजवत होते.

आधीच सांगते – भास, दृष्टांत, भूतखेत यांतलं मी काहीच मानत नाही. वीस वर्षं गणित शिकवलंय. घडलं तसं लिहिते, अर्थ तुम्ही लावा.

अंकुशनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. आमचे हे तिथं केमिस्ट. गळीत हंगाम चालू होता, चिमणीची काजळी उडायची, म्हणून गच्चीवर चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या. सकाळचे साडेआठ. जिना एकच, आणि खालच्या पायरीवर सासूबाई तूर निवडत बसलेल्या.

चीक घोटताना हात थांबला की गुठळ्या होतात, त्यामुळे मान खालीच होती. वर पाहिलं तर समोर पालथ्या बादलीवर माझी थोरली बहीण, सुमनअक्का! ती तर दहा दिवसांपासून पुण्याला लेकीकडे गेलेली.

"अगं, कधी आलीस? फोन तरी करायचा!"

"डोकं घट्ट धरलंय गं, विमल. हलवता येईना."

भुवयांच्या वर दोन लाल ठिपके होते. ओले.

"हे काय लागलं?"

"मागं पण दोन हैत."

गरम चीक साखर घालून खाणं हा तिचा दरवर्षीचा हट्ट. मी वाटी पुढे केली.

"नको. खायचं न्हाई म्हणलेत."

"कोण म्हणलं?"

तेवढ्यात चीक बुडाला लागल्याचा वास आला… मी दोनदा घोटलं, वर पाहिलं – बादली रिकामी.

जिना उतरून सासूबाईंना विचारलं. "कोण अक्का? इथून मांजर सुदिक गेलं न्हाई. चुलीपुढं डोकं तापलं तुमचं. पाणी प्या."

प्यायले. चीक उतरवला आणि पुण्याला फोन लावला. भाची म्हणाली, "आई झोपलीय, मावशी." सकाळी नऊला? अक्का पाचला उठणारी बाई. आणि 'खायचं न्हाई म्हणलेत' हे तर दवाखान्यातलं बोलणं.

तीन वर्षांपूर्वी अक्काला छातीचा कॅन्सर झाला, तेव्हा औरंगाबादच्या सगळ्या खेपा मी तिच्याबरोबर केल्या. तिची फाईल माझ्या कपाटात, कुलपात असायची. कपाट उघडलं. फाईलची पिशवी जागेवर होती, जडही होती. आत फाईल नव्हती – जुनी वर्तमानपत्रं, बरोबर फाईलच्या जाडीची, नीट घडी घालून.

दुसरी किल्ली फक्त ह्यांच्याकडे.

दुपारी हे जेवायला आले. मी ती रद्दी ताटाशेजारी ठेवली. "अक्का कुठंय?"

"पुण्याला की."

"मग तिच्या डोक्याला चार ठिकाणी काय टोचलंय?"

घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं? दाजींनी?"

मग सगळं निघालं. कॅन्सर मेंदूत गेला होता. दोन गाठी. मुंबईच्या एका दवाखान्यात कवटी न उघडता, बाहेरून किरणं सोडून त्या जाळायच्या होत्या. डोकं हलू नये म्हणून चार स्क्रूंनी चौकट आवळतात. तिथं जुनी फाईल लागली, ती ह्यांनीच काढून दाजींना दिली होती. दाजींचा फोन ह्यांना कारखान्यात आलेला – चौकट साडेआठला बसवली. हे, दाजी, भाची… वीस दिवसांपासून सगळ्यांना माहीत. मी सोडून.

"अक्कानंच शपथ घातल्ती," हे म्हणाले. "मी काय करू?"

शपथ! आमच्या आईपासून तिचा आजार शेवटपर्यंत लपवला होता. "मला बरं कधी वाटंल?" असं विचारत ती गेली. तेव्हा अक्कानेच माझा हात धरून शपथ घ्यायला लावली – आपण दोघींनी एकमेकींना खरं तेच सांगायचं. तिचा पहिला रिपोर्ट मीच वाचून दाखवला होता. एकही ओळ न गाळता.

भास म्हणावा, तर जे मला ठाऊकच नव्हतं ते भासात कसं आलं? ठिपके चारच का? ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, ते नुसते हसले. पण खरं सांगते, त्या दिवशी भीती अशी वाटलीच नाही. त्या रद्दीच्या घड्या किती सावकाश घातल्या असतील, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी ह्यांना न सांगता जालना गाठलं आणि मुंबईच्या गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचले. अक्का उशीला टेकून बसलेली. कपाळावर दोन छोट्या पट्ट्या, मी पाहिलं होतं तिथंच. दाजींनी मला दारातच अडवलं. "विमल, सूज आहे म्हणून सांगितलंय तिला. बिलकुल काही बोलू नको."

अक्काने ऐकलं असावं. "येऊ द्या तिला," ती म्हणाली. मी खाटेवर टेकले. "तू आली की मला खरं कळतं, विमल. म्हणून बोलवलं न्हाई."

"शपथ तू मोडलीस, अक्का."

"मोडली. हे म्हणतात सूज आहे. एवढ्या बारीला सूजच राहू दे."

अक्का आणि दाजी, दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पर्समधून कंगवा काढला. चौकटीनं विस्कटलेले तिचे केस, पट्ट्यांना धक्का न लावता, हळूहळू विंचरले आणि वेणी घातली. बोलले मात्र काहीच नाही – ना खरं, ना खोटं.