एक कान नळाकडं

क्रांती चौकातल्या दुकानात मी हेडफोन बघत होतो. गेममध्ये मागून येणारी पावलं नीट ऐकू यावीत, एवढीच माझी अडचण. बाहेर शहर वाढत चाललं होतं, धरण आटलं होतं, आणि नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही वेळ न सांगता.

शेजारी पन्नाशीचा एक माणूस उभा होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट. सेल्समननं सिनेमा लावला की तो हेडफोन डोक्यावर घ्यायचा, पण डावी बाजू कानामागं सरकवून ठेवायचा. चार हेडफोन त्यानं असेच एका कानानं ऐकले.

"काका, दोन्हीकडं लावा. एका कानानं काय मजा येणार?" मी म्हणालो.

"ह्यो कान नळाकडं असतो," तो म्हणाला. "मागं दोन्ही कान झाकून पिक्चर बघत बसलो. पाणी आलं अन् गेलं. आई अंथरुणाला खिळलेली. पिण्यापुरते जार आणले, पण तिला पुसायला आठ दिवस पाणी नव्हतं. पाठीला जखम झाली, ती भरलीच नाय."

"आता कशा आहेत?"

"गेली की. उन्हाळ्यातच."

सेल्समननं पाचवा हेडफोन पुढं केला. तो त्यानं नीट घातला, दोन्ही कान झाकले, डोळे मिटले. पडद्यावर गोळीबार चालला होता. थोड्या वेळानं त्याचा हात आपसूक वर गेला आणि त्यानं डावी बाजू कानामागं सरकवली.